कारीनच्या घरची खिरापत

आमच्या ओळीतल्या भोंडल्यात कारीन आली ती सगुणाबाईचं बोट धरून. कारखान्यात नवी यंत्रं बसवायला स्वीडनहून एक साहेब आला होता, त्याची ही मुलगी. सगुणाबाई तिला सांभाळायची. अंबरनाथला तेव्हा, म्हणजे चौपन्न-पंचावन्न साली, कारखान्याच्या अधिकाऱ्यांची घरं एका ओळीत होती आणि ओळीच्या टोकाला साहेबाचा बंगला. आम्ही मुली रोज संध्याकाळी एकेकीच्या अंगणात जमायचो, पाटावर हत्ती काढायचो आणि त्याच्याभोवती फेर धरायचो. ही कुंपणापलीकडून बघत राहायची. एक दिवस सरळ आत आली आणि म्हणाली, "मना पन खेलाचा हाय."

आम्ही पोट धरधरून हसलो. सगुणाबाई जवळच्या आगरी पाड्यावरची. तिच्याकडून शिकलेली बोली या पिवळ्या केसांच्या पोरीच्या तोंडून जशीच्या तशी बाहेर पडत होती. पद्मजा आमच्यात सगळ्यांत मोठी, शिवाय तिचे वडील आमच्या अण्णांचे वरिष्ठ, त्यामुळे सगळे निर्णय तिचे. ती म्हणाली, "हिला गाणी कुठे येतात?"

"फेर तर धरता येतो ना?" मी म्हटलं आणि कारीनला हाताला धरून फेरात ओढलं. पद्मजाचा मला तेव्हाही राग यायचा. पण त्या रागापेक्षा कुतूहल मोठं होतं. मी जात्याच भोचक. दारावरून कोणी पिशवी घेऊन गेलं तर आत काय आहे हे कळेपर्यंत मला घास उतरायचा नाही.

गाणी संपली की खिरापत. ज्या घरी भोंडला, त्या घरची मुलगी झाकलेला डबा आणते, खुळखुळवून दाखवते आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. पहिला प्रश्न ठरलेला: गोड की तिखट? हा प्रश्न कारीनला इतका आवडला की तो तिचाच होऊन बसला. डबा दिसला रे दिसला की ती उड्या मारत ओरडायची, "गोर का तिखट?" मग तो दुसरं कोणी विचारायचंच नाही.

त्यांच्या घरचा रविवारही वेगळाच. आमच्याकडे रविवारी डोक्यावरून अंघोळ आणि दुपारची झोप. साहेबाचं कुटुंब मात्र भर उन्हात टोप्या घालून बघायला निघायचं. काय बघायला, तर काहीही. एकदा शिवमंदिराच्या भिंतीवरची मूर्ती न् मूर्ती बघून आले, एकदा उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन सिंधी बायका पापड लाटतात ते बघत तासभर उभे राहिले. एका रविवारी ते बदलापूरला नदीवर निघाले आणि कारीनने हट्ट करून मला सोबत घेतलं. अण्णांनी साहेबाला नाही कसं म्हणायचं म्हणून पाठवलं. आईने तिथे काही खायचं नाही असं बजावून पाठवलं.

आम्ही दोघी काठच्या खडकावर पाय सोडून बसलो होतो. कारीन नदीकडे बघत म्हणाली, "आमचे गावान थंडीन तलावाचा पानी दगर होते. आमी त्याचेवर चालताव."

"पाण्यावर?"

"पान्यावर. बाबा गारी पन नेतो."

समोर म्हशी डुंबत होत्या. हे सगळं पाणी दगड झालं तर म्हशी कुठे जातील, मासे कसे जगतील, बायका घागरी कुठे भरतील, मी विचारतच सुटले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली. मासे खाली जिवंत असतात म्हणाली. खोटं बोलणारं माणूस मध्येच अडखळतं. ही एकदाही अडखळली नाही. मला तिचं सगळं पटलं.

दुसऱ्या दिवशी मी हे फेरात सांगितलं आणि माझी फजिती झाली. "बर्फ कारखान्यात करतात," पद्मजा म्हणाली. "जत्रेतला गोळेवाला भुशात गुंडाळून लादी आणतो, ती काय तळ्यातून काढतो? थापाडी आहे ती. आणि तू तिची शेपूट." घरी आईसुद्धा हसली. "लहान मुलं सांगतात काहीतरी," म्हणाली.

फेरातलं पद्मजाचं बोलणं कारीनने ऐकलं होतं. तिचे कान लाल झाले. "मी थापारी नाय," ती म्हणाली. "आता भोंडला माजे घरान."

आता हे नाकारायचं कसं? ती रोज आमच्या घरच्या खिरापती खात होती, तेव्हा तिची पाळी येणारच होती. आमच्या आया मात्र पेचात पडल्या. त्या स्वयंपाकघरात अंडी शिजतात, आणखी काय काय शिजतं. शिवाय सगुणाबाई सांगायची की तिथे एक कपाट आहे, त्याच्या खाली रॉकेलचा दिवा जळतो आणि वर आत सगळं गार होतं. दिव्याने गार होतं हे काही कोणाला खरं वाटलं नाही, पण त्यात काय काय भरून ठेवत असतील या विचाराने पद्मजाच्या आईला मळमळलं. शेवटी ठरलं: जायचं, खेळायचं, पण तोंडात काही घालायचं नाही.

"मग तिने डबा उघडल्यावर काय करायचं?" मी विचारलं.

पद्मजाने त्यावर तोड काढली. बरोबर ओळखायचं नाही आणि हरलोही म्हणायचं नाही. डबा उघडणारच नाही. दिवेलागणीला हाका आल्या की घरी. मला ही युक्ती मुळीच आवडली नाही, पण आईचा शब्द मोडायची माझी टाप नव्हती.

बंगल्याच्या अंगणात पाट मांडलेला होता. त्यावर खडूने काढलेल्या जनावराला सोंड नव्हती, झाडाच्या फांद्यांसारखी शिंगं होती. "हा कुठला हत्ती?" पद्मजाने विचारलं. कारीन म्हणाली, "हत्ती नाय. आमचे गावचा हरीन." आम्ही त्या हरणाभोवती फेर धरला. आश्विनातली ती संध्याकाळ भट्टीसारखी तापली होती. व्हरांड्यात साहेबाची मड्डम हसत उभी होती आणि तिच्यापुढे टेबलावर काचेच्या वाट्या आणि चमचे.

शेवटचं गाणं अर्धंमुर्धं होताच कारीन धावत आत गेली आणि बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेऊन आली. तो तिने जाड टॉवेलात धरला होता.

"गरम आहे," पद्मजा माझ्या कानाशी कुजबुजली. "बघ, डब्याला घाम आलाय. वाफ आहे आत."

कारीनने डबा हलवला. खडखड, खडखड. दगड भरल्यासारखा आवाज. मग ती आमच्या तोंडाकडे बघत थांबली. कशासाठी थांबली ते मला लगेच समजलं. आज तिला तो प्रश्न विचारता येत नव्हता, आज तिला उत्तर द्यायचं होतं. पण गोड की तिखट हे कोणीच विचारलं नाही. आम्हाला ओळखायचंच नव्हतं.

"उकडीचे मोदक!" पद्मजा म्हणाली.

"नाय."

"पुरणपोळी!"

"नाय."

"अळूवडी! श्रीखंड! थालीपीठ!" सगळ्या जणी, जे त्या घरात जन्मात होणार नाही ते, ओरडत सुटल्या. कारीन आधी हसत होती. मग हसू गेलं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचू लागली. "बेगीन वलखा ना," म्हणाली. "बेगीन!"

"घाई काय आहे?" पद्मजा म्हणाली. "घावन!"

सगुणाबाई पायरीवरून ओरडली, "पोरींनो, वलखा गं आथा, ती रराचे बेताला आयलीय."

मी मात्र आवाज ऐकत होते. कारीनने पुन्हा डबा हलवला आणि माझे कान टवकारले. मघाची खडखड कमी झाली होती. आत काहीतरी डुबुक डुबुक करत होतं. मोदक असोत नाही तर दगड, डब्यात बसल्या बसल्या आवाज कसा बदलेल? टॉवेलातून पाणी ठिबकत होतं. मी पुढे होऊन डब्याला बोट लावलं. गरम कुठलं, बोटच गारठलं.

आणि एका क्षणात मला सगळं दिसलं: दिव्याचं कपाट, नदीकाठचा खडक, लाल झालेले कान. ती खिरापत म्हणून पुरावा घेऊन आली होती आणि आम्ही घावन, थालीपीठ करत तो वितळवत होतो. अजून थोडा वेळ गेला असता तर डब्यात नुसतं पाणी उरलं असतं आणि ती जन्मभराची थापाडी ठरली असती. आईने काय सांगितलंय ते मला आठवत होतं. पण मला राहवेना.

"बर्फ!" मी किंचाळले. "बर्फ आहे, बर्फ! उघड लवकर!"

पद्मजाने मला चिमटा काढला तो अजून आठवतो.

झाकण उघडलं. आत पाणी, तळाशी डाळिंबाचे दाणे आणि मधे लिंबाएवढा एक बर्फाचा खडा. कारीन त्याच्याकडे बघत राहिली. "मोठा होता," ती म्हणाली. "लय मोठा होता." आणि तिचे डोळे भरले. मड्डम वाट्या घेऊन पुढे आली. आम्ही सगळ्या मागे सरकलो. कोणी कोणाकडे बघेना. पद्मजा खाली मान घालून पुटपुटली, "आम्हाला आईने खायला..."

तेवढ्यात सगुणाबाईची धाकटी चिमी मध्ये घुसली. तिला कसली बंदी? तिने डब्यात हात घातला, खडा उचलला आणि बोंब ठोकली, "आये, चावला!" आणि तो फेकला तो थेट पद्मजाच्या ओंजळीत. पद्मजाने झेलला, "आई गं!" करून माझ्या हातात दिला. मी तो मुठीत आवळला. हाडापर्यंत गार गेलं. मग मी तो पुढच्या मुलीच्या तळव्यावर ठेवला. खायचं नाही असं सांगितलं होतं, धरायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप फेर धरला गेला आणि तो खडा हातोहात फिरू लागला. जिच्या हातात पडेल ती किंचाळायची. शिंगांच्या हरणाभोवती आम्ही नुसता कल्ला केला. फिरता फिरता खडा बोराएवढा झाला, मग दाण्याएवढा. शेवटी कारीनच्या तळव्यावर पोचला तेव्हा पाणीच उरलं होतं.

पद्मजा आपला तळहात बघत होती. लालबुंद झाला होता. "एवढ्याशानं एवढं," ती म्हणाली. "तळ्याचं तळं असं होतं? मग पाय नाही का गं गारठत?"

"जारे मोजे घालाचे," कारीन म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

मी मूठ मिटून घरी पळत सुटले. आई दिवा लावत होती. "तोंडात काही घातलं नाहीस ना?"

"नाही." मी हात तिच्या गालावर ठेवला. ती दचकली, मग माझा हात तिने तसाच धरून ठेवला.

"बर्फ होता खिरापतीला," मी म्हटलं. "वितळला. डाळिंबाचे दाणे घालून केला होता."

"आणि अजून काय होतं त्यात?"

"काही नाही. पाणी आणि दाणे."

"मग खायचं नाही का गं!" आई म्हणाली. "पोरीला काय वाटलं असेल?"

माझा असा संताप झाला की रडूच फुटलं. आईने दिवा देवापुढे ठेवला, चपला घातल्या आणि माझं बखोट धरलं. पद्मजाच्या आईच्या दारावरून, सगळ्या ओळीच्या देखत, ती मला घेऊन बंगल्यावर गेली. कारीन पायरीवर बसली होती. मांडीवर तो डबा, झाकण लावलेला. काचेच्या वाट्या तशाच कोरड्या होत्या.

आई तिच्यासमोर उभी राहिली. तिने एक रिकामी वाटी उचलून हातात धरली. मग डब्याकडे बघून विचारलं, "गोड की तिखट?"

कारीन ताडकन उठून उभी राहिली.

"गोर!" ती ओरडली.