गोतोसानांच्या गाडीचा प्रचार

हिदेमित्सु गोतो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांना कोणी काही म्हणेनासं झालं. नोकरीत होते तोवर सगळे ‘विभागप्रमुख’ म्हणत. फोनवरसुद्धा लोक आधी वाकत आणि मग बोलत. आता बायको ‘अहो’ म्हणे आणि मासळीवाला ‘काका’. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की या वसंतात वस्तीच्या मंडळाचं अध्यक्ष व्हायचं.

हे पद टाळण्यासाठी कामिनुमा वस्तीतली धडधाकट माणसं ऐन सभेच्या दिवशी कंबर धरून बसत. कचऱ्याचे वार, बर्फ उपसायच्या पाळ्या, जत्रेच्या पालखीला खांदे मिळवणं, एवढंच त्यात असे. गोतोसानांना मात्र ते मनापासून हवं होतं, आणि नेमकं तेच कोणाला कळता कामा नये होतं. मान मागायचा नसतो. तो तीनदा नाकारायचा, आणि तरीही लोकांनी गळ्यात घातलाच, तर मान खाली घालून ‘नाइलाज आहे’ म्हणायचं. गोतोसान हिवाळाभर आरशासमोर नकाराचा सराव करत होते. पहिले दोन ठीक जमले होते. तिसऱ्यात आनंद दिसतो, असं त्यांच्या पत्नीचं, मासुएबाईंचं म्हणणं होतं.

एवढ्यात गाडीला वाचा फुटली.

बर्फ वितळलं, रस्त्यावरचे खड्डे उघडे पडले आणि प्रत्येक खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाखालून आवाज येऊ लागला: गोतो, गोतो. जपानी भाषेत प्रत्येक आवाजाला आपला ठरलेला शब्द असतो. हलकं काही खुटखुटलं तर ‘कोतो कोतो’, जड काही आदळलं तर ‘गोतो गोतो’. हा आवाज जड होता, यात लहान मुलालाही शंका आली नसती. निवडणुकीच्या दिवसांत उमेदवाराचं नाव घेत गाड्या फिरतात, तशी गोतोसानांची जुनी पांढरी गाडी त्यांचं नाव पुकारत गल्लीतून जाऊ लागली. समोरच्या नुमाताबाई गच्चीत गाद्या वाळत घालता घालता मासुएबाईंना अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “किती उत्साह हो गोतोसानांना.”

मासुएबाईंनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. गोतोसानांनी त्या दिवसापासून मासळी पायी जाऊन आणायला सुरुवात केली आणि गॅरेजला फोन लावला.

गॅरेज सेगावाबाईंचं. वडिलांकडून त्यांना गॅरेज आणि आवाज दोन्ही वारशानं मिळालेलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की आवाज कसा येतो. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं दोनदा घेणं गोतोसानांना जमेना. “कोतो कोतो,” ते म्हणाले. बाईंनी त्या बोलण्यावर विश्वास ठेवून लिंक रॉड, म्हणजे चाकाजवळची एक बारीक दांडी, बदलला. त्यामुळे किरकोळ खडखड तेवढी गेली आणि गाडीचा उच्चार आणखी स्पष्ट झाला.

सभेच्या रविवारी सकाळी गोतोसान पुन्हा गॅरेजात हजर झाले. सभागृह तिथून चार पावलांवर. बाईंनी गाडी वर चढवली, पहार घालून चाकामागे रेटा दिला आणि काहीतरी धपकन हललं.

“खरा आवाज काय यायचा?” बाईंनी विचारलं.

गोतोसानांनी मागे-पुढे बघितलं. “गोतो,” ते पुटपुटले.

“नाव नाही विचारलं. आवाज.”

“तोच.”

बाईंनी त्यांना गाडीखाली ओढून दाखवलं. चाकाला सांगाड्याशी धरून ठेवणारा हा लोखंडी हात, याला लोअर आर्म म्हणतात. चाकाला वर-खाली होऊ द्यायचं, पण पुढे-मागे भटकू द्यायचं नाही, एवढंच याचं काम. याच्या मुळाशी धक्के सोसायला रबराचे जाड बुश बसवलेले असतात. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि वय, दोन्ही मिळून त्यांना भेगा पडल्या होत्या. म्हणून हात आदळत होता, गाडी डावीकडे ओढत होती आणि टायर आतल्या कडेनं खाल्ला गेला होता. “बर्फाचे टायर काढता-घालता ना दर वर्षी? तेव्हा वाकून बघायचं. भेग दिसली की यायचं. गाडीनं बोंब मारेपर्यंत थांबायचं नाही,” बाई म्हणाल्या. जुना हात आता काढायचाच होता, तेव्हा आपण काही सभेला येत नाही, तिथे तसं सांगा, असंही म्हणाल्या.

सभेत मावळते अध्यक्ष इशिगुरो आजोबा चहाचा घोट घेऊन म्हणाले, “यंदा गोतोसानांची इच्छा आहे, असं सारखं ऐकू येतंय.”

सगळ्यांनी एकदम चहाच्या पेल्यांत तोंडं घातली. गोतोसानांचे कान पेटले. पहिला नकार सौम्य असायला हवा, हे ते साफ विसरले. त्यांनी चटईला कपाळ टेकवलं आणि आपण किती नालायक आहोत हे सांगायला सुरुवात केली. आपली पाठ दुखते, नावं लक्षात राहत नाहीत, घरातला कचरासुद्धा आपण चुकीच्या वारी बाहेर ठेवतो. मासुएबाई मागून कोट ओढत होत्या, पण गाडी उताराला लागली होती. नोकरीत असताना कुठलीही योजना त्यांनी इतकी पटवून दिली नव्हती.

इशिगुरो आजोबांचे डोळे पाणावले. “मग आग्रह करणं क्रूरपणाचं होईल,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. आजोबांनी सभेवरून नजर फिरवली आणि आज कोण आलेलं नाही, तेवढं विचारलं. क्षणात सगळ्यांचे चेहरे उजळले. सेगावाबाई एकमतानं, टाळ्यांच्या गजरात अध्यक्ष झाल्या. त्यांना हे कळवायचं काम गोतोसानांवर आलं, कारण गाडी त्यांचीच तिथे होती.

सेगावाबाई नवा हात बसवत होत्या. बातमी ऐकून त्यांनी आधी वस्तीतल्या प्रत्येक घराच्या पूर्वजांचा उद्धार केला. मग म्हणाल्या, “ठीक आहे. मी नावाला. कामं सगळी तुम्ही करायची.”

“आणि लोक मला काय म्हणणार?” गोतोसानांनी विचारलं.

“काय म्हणायला हवंय त्यांनी?”

हे सांगायचं म्हणजे मागितल्यासारखं झालं असतं.

बाईंनी गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर चारी चाकांवर उभी केली आणि त्या पाना घेऊन खाली उतरल्या. चाक लोंबकळत असताना बुशाचे बोल्ट पक्के आवळायचे नसतात, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं. ते गाडीचा भार चाकावर असतानाच आवळायचे. सेगावाबाई याच्याही पुढे जाऊन मालकाला आत बसवत. असं दुसरं कुठलंही गॅरेज करत नव्हतं, पण त्यांच्याशी वाद घालणार कोण.

“बसा आत,” त्या खालून ओरडल्या. “सरळ बसा. हलू नका.”

गोतोसान बसले. खालून पान्याचा करकर आवाज आला.

“झालं. बरं झालं आलात,” बाई म्हणाल्या. “तुमच्या वजनाशिवाय हे काम व्हायचं नव्हतं.”

असं त्यांना कित्येक वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. गोतोसानांनी टाय सारखा केला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, आणि बाई हात धुऊन आल्या तरी ते गाडीतून उतरले नाहीत.