तिसरी ओळ झाकलीस

आमच्या ह्यांचे डोळे उत्तम होते, असं ते स्वतःच सांगत. आणि डोळ्यांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला मान होता, कारण गावात चष्म्याचं दुकान एकच होतं आणि ते ह्यांचं होतं.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. डोळे तपासायचे तर गिऱ्हाईक आणि अक्षरांचा तक्ता यांच्यात वीस फूट अंतर हवं, आणि खोली जेमतेम अकरा फुटांची. मग ह्यांनी काय करावं, तर मधलं दार उघडं ठेवून तक्ता माझ्या स्वयंपाकघरात टांगला, शेगडीच्या मागच्या भिंतीवर. तीस वर्षं सगळं गाव माझ्या पातेल्यांवरून अक्षरं वाचत होतं. मी ढवळायला उभी राहिले की बाहेरून आवाज यायचा, "अगं, सरक जरा, तिसरी ओळ झाकलीस." मग मी पळी हातात धरून बाजूला. कुणाच्या तरी डाव्या डोळ्यापायी माझं दूध किती वेळा उतू गेलं, त्याला गणती नाही.

माणूस मात्र घरातला. दुकान बंद केलं की मुलींच्या वह्यांना कव्हरं घालायची, बहिणीशी वाद घालायचा आणि जेवायला बसायचं, एवढंच जग. वाईट खोड एकच. समोरच्याच्या नाकावर चष्मा वाकडा दिसला की बोलता बोलता हात पुढे करून सरळ करायचे. व्याह्यांची पहिली भेट मला अजून आठवते. ते बिचारे बोलायला तोंड उघडत होते आणि ह्यांची बोटं त्यांच्या कानामागे पोहोचलीसुद्धा.

पन्नाशी ओलांडली आणि जग बिघडायला लागलं. म्हणजे ह्यांच्या मते. स्क्रू बनवणारे स्क्रू बारीक करायला लागले. वर्तमानपत्रवाले शाई वाचवायला लागले. एकदा खुंटीवरच्या माझ्या रेनकोटाला मीच समजून "आज उशीर झाला का?" म्हणून विचारलं, आणि कोटाने उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर माझ्यावर रुसले.

"अहो, एकदा डोळे बघून घ्या की," मी म्हणायची.

"चष्मेवाल्यालाच चष्मा लागला तर लोक काय म्हणतील?"

"काय म्हणणार? म्हणतील, दुकानातला माल स्वतः वापरतो."

यावर ते स्टुलावर बसायचे, तळहाताने एक डोळा झाकायचे आणि स्वयंपाकघराकडे बघून धडाधडा वाचायचे, "ट. म, ग. प, ल, र, क..." सातवी, मुंगीएवढी ओळसुद्धा सोडायचे नाहीत. "बघ. एक तरी चुकलं?"

माझी नणंद आमच्याकडेच राहायची, शाळेत गणित शिकवायची. ती वह्या तपासता तपासता म्हणायची, "दादा, आमच्या शाळेत याला पाठांतर म्हणतात."

"तू गप्प बस. तुझा नंबर वाढलाय."

इथपर्यंत हसण्यावारी होतं. मग एक दिवस शिंपीणबाई आली. दुकानाच्या दाराने नाही, मागच्या दाराने, माझ्याकडे. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी ती. पर्समधून नवा चष्मा काढून तिने माझ्या हातावर ठेवला.

"वहिनी, दादांना सांगू नका. उजवी काच डावीकडे बसलीय आणि डावी उजवीकडे. दोन दिवस वाटलं, मलाच चक्कर येतेय. काल एक बाही उलटी कापली."

"बाई गं. मी सांगते ना ह्यांना, लगेच बदलून देतील."

"नको. माणूस मोडेल. मी पुढच्या गावाहून करून आणते गुपचूप."

ती गेली. शिंपीणबाई गुपचूप पुढच्या गावाला गेली, तर महिन्याभरात सगळं गाव गुपचूप जाणार होतं. हे दुकानात फडक्याने काचा पुसत बसणार, आणि लोक का येत नाहीत ते ह्यांना कुणीच सांगणार नाही. सांगायला हवं होतं, पण असं की ह्यांना पटेल आणि लागणार नाही. आणि पटवायचं कसं? तक्ता तर ह्यांना माझ्या नावापेक्षा पक्का पाठ.

रविवारी सकाळी हे दाढी करत होते, तेव्हा मी तक्ता खिळ्यावरून काढला आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला. तीस वर्षांच्या धुराने भिंत काळपट झाली होती. तक्त्याखालचा चौकोन तेवढा पांढराशुभ्र.

दाढी करून हे बाहेर आले. डाव्या कानाखाली इंचभर तशीच राहिली होती.

"अहो, डोळे तपासा ना एकदा."

"पुन्हा तेच?" स्टुलावर बसले, डोळा झाकला. "ट. म, ग. प, ल, र, क..."

नणंदेचा लाल पेन हवेतच थांबला. मी तिला डोळ्यांनी दटावलं. ह्यांनी सात ओळी वाचल्या, शेवटची जरा ठसक्यात. मग हात खाली घेतला. "झालं समाधान?"

मी डब्यामागून तक्ता काढला आणि ह्यांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तो उचलून डोळ्यांजवळ धरला. मग उठून स्वयंपाकघरात गेले, भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनावरून हात फिरवला, खिळा चाचपून पाहिला. पाठ आमच्याकडेच होती. मला वाटलं, संपलं, आता हे आठवडाभर बोलायचे नाहीत.

"शेवटची ओळ बरोबर होती?" त्यांनी विचारलं.

"पैकीच्या पैकी," नणंद म्हणाली.

तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते, का आणखी काही, मी पुढे जाऊन पाहिलं नाही.

मग तपासणीची, भिंगं बदलता येतात ती जड फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवून ते स्टुलावर बसले. "भिंगं तू घाल," नणंदेला म्हणाले, "आणि तक्ता नको, त्याचा उपयोग नाही. अगं, तू उभी राहा तिथे."

जिथून तीस वर्षं मला हाकललं, तिथेच उभी राहिले.

"बाहीवर ठिपके आहेत."

"फुलं आहेत," मी म्हणाले. नणंदेने भिंग बदललं.

"हं, फुलं. पाकळ्या पाच." आणखी एक भिंग. मग ते थोडे पुढे वाकले. "तुझे केस कधी पिकले?"

"तुम्ही शाईवाल्यांना शिव्या घालत होता तेव्हा."

चार दिवसांत स्वतःचा चष्मा तयार केला. तो लावून सगळ्यात आधी गेल्या वर्षाची नोंदवही काढली, दुकान बंद केलं आणि पिशवी घेऊन घरोघरी निघाले. शिंपीणबाईचं नाव मी घेतलं नव्हतं. लोकांनी दारं उघडली की विचारायचे, "चष्मा दाखवा, मी आंधळा असताना केलाय." आठ चष्मे चुकीचे निघाले. सगळे नव्याने करून दिले. गाव पोट धरधरून हसलं, अगदी ह्यांच्या तोंडावर.

पुढच्या सोमवारी शिंपीणबाई पुढच्या दाराने आली आणि स्टुलावर बसली. तिला डोळे पुन्हा पहिल्यापासून तपासून घ्यायचे होते. तक्ता पुन्हा खिळ्यावर होता आणि मी शेगडीपाशी. बाहेरून आवाज आला.

"अगं, सरक जरा, तिसरी ओळ झाकलीस."

खरं तर मी चौथी झाकली होती. पण बोलले नाही, सरकले.