चादरीवरचं बोट

आई गेली त्या सकाळी तिच्या उशाशी बसून मी जुगार खेळणार होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याविषयी कोणाचा गोड गैरसमज नको.

मी इंगेला. हेर्नोसांडमध्ये एकोणीस वर्षं शहरबस चालवते. फोनवरच्या त्या फिरत्या चाकांचा नाद मला कधी लागला ते नीट आठवत नाही. बोट टेकवलं की चेरी, घंटा, सातचे आकडे गरगर फिरायचे. आधी सुट्टीत खेळायची, मग शेवटच्या थांब्यावर, मग लाल सिग्नललासुद्धा. प्रवाशाने उतरायची घंटा वाजवली की मला वाटायचं, लागलं! नवरा गेला सोडून. मुलगा फोन उचलेना. तेव्हा एका रविवारी, स्वतःला जुगारबंदी घालून घेणाऱ्यांच्या सरकारी यादीत मीच माझं नाव घातलं. फोनवर आपली सहा आकडी गुप्त खूण टाकून सही केली की देशातली कुठलीही जुगार कंपनी आपल्याला दारात उभं करत नाही. मुदत आपणच निवडायची. मी निवडली 'पुढे कळवेपर्यंत'. त्या दिवशी आईने खास माझ्यासाठी दालचिनीचे पाव भाजले होते.

सहा आठवडे मी अगदी शहाण्यासारखी वागले. मग आईचा तोल जायला लागला, डोकंही विसरभोळं झालं आणि तिला वृद्धाश्रमात खोली मिळाली. आमच्याकडे म्हाताऱ्यांचं सगळं त्या सहा आकड्यांवर चालतं. औषधं, कर, डॉक्टरची वेळ, काहीही असो. खूण कोणाला सांगायची नाही असा नियम आहे, आणि घरोघरी लेकींना ती पाठ असते. आईची तर मीच ठरवून दिली होती. तिच्या टॅबलेटवर औषधं मागवता मागवता एक दिवस माझ्या डोक्यात किडा वळवळला. यादीत मी होते. आई कुठे होती?

झालं! जिने जन्मात पैसे लावून पत्ते खेळले नाहीत ती चौऱ्याऐंशी वर्षांची मायकेन ओबेर्ग माझ्या बोटाने रोज जुगार खेळायला लागली.

मी तिच्या पलंगाशेजारीच बसायची. लोकांना वाटायचं, काय गुणाची लेक आहे!

"काय करतेस गं?" आई विचारायची.

"तुझी औषधं मागवतेय."

"इतकी? मग मी बरी का होत नाही?"

एकदा मी आवाज बंद करायला विसरले. चाकं थांबली आणि ते नाचरं गाणं वाजलं. आई छताकडे बघत म्हणाली, "अगं बाई, औषधं गायला लागली वाटतं!" मी हसले. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात."

"मग मरू दे की मला एकदाची!" मी ओरडले.

"तू कशाला?" एवढं बोलून तिने डोळे मिटले.

नोव्हेंबरात ती मला सिग्ने म्हणायला लागली. सिग्ने म्हणजे तिची बहीण, केव्हाच वारलेली. मी म्हणायची, आई, मी इंगेला. ती सभ्यपणे मान हलवायची, पाहुण्यांपुढे हलवतात तशी. आणि त्याच सुमारास तिचं बोट सुरू झालं. उजव्या हाताचं पहिलं बोट, चादरीवर. टक, टक, टक. थांबायचं. ओठ हलायचे. पुन्हा टक, टक, टक.

तिथे काम करणारी फर्दूसा म्हणाली, "आजी पियानो वाजवतात." बाकी सगळे आईला नावानेच हाक मारत, ही एकटी आजी म्हणायची.

पियानो कसला डोंबलाचा! ते बोट मी ओळखलं होतं. ते माझंच होतं. महिनोन् महिने शेजारी बसून मी माझं दुखणं तिच्या हातात उतरवलं होतं. मला भीती वाटायला लागली. बस चालवताना समोरच्या काचेवर ते बोट दिसायचं. मी तिचा हात घट्ट धरून ठेवायची, तर माझ्या मुठीतसुद्धा ते धडपडत राहायचं. आणि खरं सांगू? तेव्हाही माझा दुसरा हात टॅबलेटवर असायचा.

गुरुवारी सकाळी ती गेली. फर्दूसाने मेणबत्ती लावली आणि जीवाला जायला वाट हवी म्हणून आमच्या रीतीप्रमाणे खिडकी उघडली. "बस निवांत," म्हणाली आणि दार ओढून घेतलं. बाहेरचा गारठा आत येत होता. आईचे हात छातीवर जुळवून ठेवले होते. बोट एकदाचं शांत झालं होतं.

मी दहा मिनिटं बसले असेन. मग माझा हात पलंगाशेजारच्या टेबलाच्या खणाकडे गेला. लाज वाटत नव्हती का? वाटत होती ना! लाज वाटत असतानाही हात चालतोच, हेच तर दुखणं आहे. मी टॅबलेट काढला, आईची खूण टाकली.

'मायकेन ओबेर्ग, तुम्ही स्वतःला जुगारापासून दूर ठेवलं आहे. मुदत: पुढे कळवेपर्यंत.' खाली मदतीच्या फोनचा नंबर होता.

मी आईकडे पाहिलं. मग धावत जाऊन फर्दूसाला आत ओढून आणलं आणि टॅबलेटचा पडदा तिच्या तोंडासमोर धरला. "हे कोणी केलं?"

"आजींनी," ती म्हणाली. "काल संध्याकाळी, तू गेल्यावर. मी फक्त यादीचं पान उघडून दिलं. खूण त्यांनी मला सांगितली नाही, स्वतःच टाकली. दोनदा चुकल्या. सारखी विसरायच्या ना, म्हणून चादरीवर सराव चालला होता. तुला सांगू नको म्हणाल्या, म्हणून मी पियानो म्हटलं."

"तिला कशाला हवं होतं हे?"

"मीही विचारलं, आजी, तुम्ही कुठे खेळता? तर म्हणाल्या, मी नाही गं. पण त्या घराची एक किल्ली माझ्या नावावर आहे."

ती खूण म्हणजे माझी जन्मतारीख. माझं नाव आई विसरली होती. माझा चेहराही तिला ओळखू येत नव्हता. तेवढी तारीख तिने बोटात धरून ठेवली होती.

फर्दूसा गेल्यावर मी पडद्यावरचा नंबर लावला. पलीकडच्या बाईचा आवाज साधा होता, बँकेतल्यासारखा.

"आत्ता तुम्ही कुठे आहात?"

"आईजवळ."

"त्यांना हे माहीत आहे?"

"हो," मी म्हणाले. "मला वाटत होतं त्याच्या कितीतरी आधीपासून."

"बरं. मग सुरुवातीपासून सांगा. मला घाई नाही."

मी सांगायला लागले. हुंदके येत होते, नाक वाहत होतं. मध्येच खाली पाहिलं, तर माझं बोट चादरीवर टकटक करत होतं. मी ते आईच्या हाताखाली सरकवलं आणि बोलत राहिले.