दोन आरोळ्यांचं धुकं

तळ्यापाशी आवाज चढवायचा नाही, हे आमच्याकडची पोरं चालायला शिकायच्या आधी शिकतात. ओरडलं, शिट्टी मारली, दगड भिरकावला की तळं रागावतं आणि धुकं पाठवतं. एका आरोळीला एक दिवस. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. राजधानीतून, काराकासहून आलेला एक विद्यार्थीही हसला होता. त्यानं काठावर उभं राहून तीनदा तुतारी फुंकली, आणि त्याच्यासकट नऊ जणांना घेऊन माझे वडील तीन दिवस धुक्यात बसून राहिले.

माझे वडील आउदेलिनो यांनी चाळीस वर्षं लोकांना त्या तळ्यावर मुक्कामाला नेलं. गेली चार वर्षं त्यांना ऐकू येत नाही. डाव्या कानाला तोंड लावून बोललं तर थोडंफार कळतं, उजवा कान नुसता नावाला. स्वतःचा आवाजही ऐकू येत नसल्यामुळे तो किती मोठा लागतो याचा त्यांना पत्ता नसतो, आणि तो भलताच मोठा लागतो. म्हणून हल्ली तळ्याच्या वाटेवरची खिंड ओलांडली की ते तोंडच उघडत नाहीत.

मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. गुरुवारच्या बसनं मी चिलीला चालले होते, माझ्या भावाकडे, नेप्तालीकडे, कामाला. घरी सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, आणि शेजारच्या लसणाच्या वावरात सगळ्या बाया कान टवकारून बसलेल्या. तीन आठवडे मी टाळलं. खरं म्हणजे बायांचं निमित्त होतं. भीती होती ती वडिलांची, पापांची.

सहा वर्षांपूर्वी नेप्ताली निघाला, तेव्हा जीपच्या दारात उभं राहून त्यानं आशीर्वाद मागितला. आम्ही दुकानात जाताना, झोपायला जाताना, फोन ठेवतानासुद्धा आशीर्वाद मागतो, आणि मोठ्यांनी 'देव तुझं भलं करो' म्हणायचं असतं. तोंडाला जन्माची सवय असते. पापा काहीच बोलले नाहीत. खेचराच्या पोटाखालचा पट्टा आवळत बसले, आणि पट्टा तर आवळलेलाच होता. जीप निघून गेली. त्यानंतर घरात त्यांनी कधी त्याचं नाव काढलं नाही. नेप्ताली मात्र अजून फोन केला की आधी तेच विचारतो, "काही म्हणाले का गं?"

वडिलांच्या आशीर्वादाशिवाय सीमा ओलांडायची माझी छाती नव्हती.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या कानात ओरडले, "पापा, तळ्यावर जाऊ या का एका रात्रीपुरतं?"

"कोण मेलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही! असंच!"

"असंच कुणी तळ्यावर जातं का?" असं म्हणत म्हणत ते खेचर सोडायला निघालेसुद्धा.

सामान लादताना त्यांनी बटाट्यांची दुसरी पिशवी वर चढवली तेव्हा माझं डोकं फिरलं. "एका रात्रीला एवढे बटाटे? वरात न्यायचीय का वर?"

"खेचर काही बोलत नाही, तू कशाला बोलतेस?" हे त्यांनी अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं. दारात उभी असलेली बेनिग्ना मावशी हसली. माझं जाणं तेवढं तिला एकटीला माहीत होतं, कारण माझ्यामागे पापांकडे तीच बघणार होती.

दुपारी खिंडीत पोचलो. पापांनी टोपी काढली, "चल" म्हणाले आणि तोंड मिटलं. खाली तळं होतं तसंच होतं, लहानसं, काळं, हलायचं नाव नाही. काठावर पापांनी गुडघे टेकले, तंबाखूच्या काळ्या अर्काची बोटभर गोळी पाण्यात सोडली, मग एक आपल्या गालात धरली. आधी तिला, मग आपल्याला. आमच्यात तळं ही बाई आहे, आणि बाईला विचारल्याशिवाय तिच्या अंगणात पथारी टाकत नाहीत.

तंबू मी बांधला. पापांनी माझी एकेक गाठ सोडून पुन्हा बांधली. खाली वाळलेली पानं पसरली, इथल्या झाडांची, लोकरीसारखी मऊ. मी बटाटे, दूध आणि अंड्यांचं सूप केलं. जेवताना मी दोनदा त्यांच्या डाव्या बाजूला सरकले आणि दोनदा "मीठ पुरे आहे ना?" एवढंच विचारून परत फिरले. उजेड गेला तशी बोचरी थंडी पडली. पापांनी आपली घोंगडी काढून माझ्या अंगावर टाकली आणि स्वतः कोटाची कॉलर वर करून बसले. मी परत द्यायला गेले तर डोळे वटारले. अशा माणसाला कसं सांगायचं?

सकाळी त्यांनी तापलेल्या दगडावर गव्हाच्या जाडसर आरेपा भाकरीसारख्या भाजल्या आणि मोठी माझ्यापुढे सरकवली, मी सात वर्षांची असल्यासारखी. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं.

"पापा, मी चिलीला चाललेय. गुरुवारी. नेप्तालीकडे." त्यांच्या कानावरचे पांढरे केस माझ्या ओठांना लागत होते. "ऐकू आलं?"

त्यांनी मान हलवली.

"आशीर्वाद द्या, पापा."

ते पाण्याकडे बघत राहिले. तळ्यापाशी ते बोलत नाहीत हे मला माहीत नव्हतं का? पण डोक्यावर हात ठेवता आला असता. ते उठले, खेचरापाशी गेले आणि त्यांनी पोटाखालचा पट्टा धरला.

तोच पट्टा, तीच पाठ. मग मला इतका राग आला, की मी भांडी पोत्यात कोंबायला लागले, सूप लागलेलं पातेलंही तसंच. मी रडत होते आणि रडताना आवाज होऊ नये म्हणून ओठ चावत होते, त्याचाही मला राग येत होता.

पापांनी पट्टा सोडला. चालत पाण्याच्या काठापर्यंत गेले, टोपी काढून छातीशी धरली.

"देव तुझं भलं करो, एलोईना!"

चाळीस वर्षं लोकांच्या तोंडावर बोट ठेवणारा माणूस असा ओरडला, की बदकं उडाली आणि समोरच्या कड्यानं माझं नाव परत पाठवलं. मी धावत जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्यांनी तो बाजूला केला, छाती भरून श्वास घेतला.

"देव तुझं भलं करो, नेप्ताली!"

मी त्यांना मिठी मारली आणि मोठ्यानं रडले. आता कसली लपवाछपवी?

"तेव्हा माझा घसा बंद झाला होता," पापा गडगडले. "तोंड उघडलं असतं तर भोकाड पसरलं असतं, जीपभर लोकांसमोर." हे बोलणं होतं, आरोळी नव्हे. तेवढा फरक तळ्याला कळत असावा.

अर्ध्या तासात खिंडीतून धुकं उतरलं. या दिवसांत ते एरवीही उतरतं, मला कुणी सांगायला नको. आधी कडा गेला, मग पाणी, मग खेचर.

पापांनी माझ्यापुढे दोन बोटं धरली. दोन आरोळ्या, दोन दिवस. मंगळवार आणि बुधवार. गुरुवारी आम्ही घरी पोचेपर्यंत बस पार निघून गेलेली असणार. चेहऱ्यावर जराही अपराधीपणा न ठेवता त्यांनी बटाट्यांची दुसरी पिशवी ओढली आणि तिची गाठ सोडायला बसले.

मी त्या पिशवीकडे बघत राहिले. बेनिग्ना मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

पातेलं पोत्यातून परत काढलं, चाकू घेतला आणि त्यांच्या शेजारी सोलायला बसले. बस सोमवारीही असते, हे मी त्यांच्या कानाशी पुटपुटले. चुकून उजव्या, ठार बहिऱ्या कानाशी, आणि त्यांनी लगेच मान हलवली. तेवढं मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं.