लांब पोटाची दोरी

"पुतण्यासाठी दोरी हवीय," वॉटी रिआखने सांगितलं आणि तो भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या सॅमन माशाकडे पाहत राहिला.

मोरागने काउंटरवर कोपरं टेकली. एल्गिनमधलं हे मासेमारीचं दुकान तिला वडिलांकडून मिळालं होतं, आणि त्याच्याबरोबर खोटं बोलणारी गिऱ्हाइकंही.

"केवढा आहे पुतण्या?"

"साठी उलटलीय."

"मोठा झाला की! गळाची काठी कसली आहे त्याची?"

"पंधरा फुटी, दोन्ही हातांनी धरायची. जुनी आहे. अगदी मुठीपर्यंत वाकते."

"म्हणजे तुमच्यासारखीच."

"घराण्यातच चालत आलीय तसली."

"आणि खांदा कुठला दुखतो पुतण्याचा?"

"उजवा," वॉटी म्हणून गेला, आणि मग पेंढा भरलेला मासाही त्याच्याकडे जरा रोखून पाहायला लागला.

वॉटीने हयातभर व्हिस्कीची लाकडी पिंपं बांधली होती. लोखंडी कडं पिंपावर चढवून हातोड्याने ठोकत बसवायचं, हेच काम, आणि ते उजव्या हाताचं. व्हिस्की पिंपात जितकी वर्षं मुरावी तितकी तिची किंमत वाढते. पिंप बांधणाऱ्याच्या बाबतीत तसा अनुभव नाही. निवृत्त होईपर्यंत त्याच्या खांद्याचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण ती रांगेत होती, आणि रांग फार शिस्तीची होती.

खांद्याचं वॉटीला एवढं काही वाटलं नसतं. पण गावच्या मासेमारी मंडळाने यंदा स्पे नदीवरच्या हंगामाची पहिली फेक त्याच्याकडून करवून घ्यायचं ठरवलं होतं. फेब्रुवारीत सगळं गाव काठावर जमतं, पाइपवाला बॅगपाइप फुंकतो, मंडळाचा अध्यक्ष नदीत व्हिस्की ओततो, आणि मग निवडलेला माणूस पाण्यात उतरून दोरी फेकतो. गावात यापेक्षा मोठा मान एकच, तो चर्चच्या आवारातल्या दगडाचा, आणि तो पाहायला आपण नसतो.

"हे बघा," मोराग म्हणाली. तिने तीन खोकी मांडली. "ही लांब पोटाची. जड भाग लांबलचक. पाण्यावरून उचलायची, कडेला वळवायची, सोडून द्यायची. परत गोळा करावी लागत नाही. पण उचलायला खांदा लागतो. ही मधली. आणि ही आखूड डोक्याची. जड भाग थोडा, मागे बारीक दोरी. उचलायला हलकी, पण दर फेकीनंतर हाताने ओढून घ्यावी लागते."

या धंद्यात दोरीला पोट असतं आणि डोकंही असतं. अक्कल तेवढी गिऱ्हाइकाने घरून आणायची.

"पुतण्याला आखूडच द्या," मोराग हळूच म्हणाली.

अडचण नेमकी तिथेच होती. गावच्या डोहाच्या पलीकडच्या काठाला एक काळा खडक आहे. त्याच्या पायथ्याशी दोरीच्या टोकाची माशी, म्हणजे पिसं बांधलेला गळ, पडली तर तो माणूस, नाहीतर पाहुणा, अशी गावची व्याख्या. थंडीत मासे अलीकडच्या काठाशी, जवळजवळ बुटांपाशी पडून असतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण माशांसाठी काही कुणी एवढा त्रास घेत नाही. लांब पोटाच्या दोरीने खडक गाठणाऱ्यांत वॉटी पहिला होता. आखूड दोरी हाताने ओढत उभा राहिलेला कुणी दिसला की तो पुलावरून ओरडायचा, "काय विणतोस रे, मोजे की स्वेटर?" मंडळाचा अध्यक्ष डॉडी इनेस, गावचा खाटीक, याने पाठीच्या दुखण्यामुळे आखूड दोरी घेतली, तेव्हा वॉटीने त्याला नाताळात लोकरीचा गुंडा भेट दिला होता.

"हिरव्यात मिळेल?" त्याने विचारलं. त्याची जुनी लांब दोरी शेवाळी होती. लांबून सारखीच दिसली असती.

"हिरवी आहे, पण ती जास्त वजनाची, ताठ काठीसाठी. तुमच्या... पुतण्याच्या काठीला ही केशरी बसेल. वॉटी, दोरी वजनावर घेतात. पडदे नाही घेताय तुम्ही."

"हिरवीच बांध."

दुसऱ्या दिवशी तो बायकोला, जीनला, घेऊन खालच्या वळणावर गेला. तिथे मेंढ्यांशिवाय कुणी येत नसे. आधी त्याने जुनी लांब दोरी एकदा शेवटची फेकून पाहिली. हात छातीच्या वर गेलाच नाही. दोरी पाण्यातून निम्मी उठली आणि तिथेच बसली. मग त्याने हिरवी चढवली. काठी ओल्या कपड्यांच्या दोरीसारखी लोंबली, फेक मागच्या मागेच कोसळली, आणि माशीने त्याची टोपी उचलून नदीत टाकली.

मेंढ्यांनी चरणं थांबवलं.

"टोपी छान गेली," जीन म्हणाली. "खडकापर्यंत जाईल."

वॉटी काठावर येऊन बसला. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा.

"डॉडीला कळवतो. फ्लू झालाय म्हणून. त्यालाच फेकू दे."

"डॉडीला? चार वर्षं त्याला लोकरवाला म्हणतोयस, आणि आता मान त्यालाच?"

"मग काय करू? अख्ख्या गावासमोर विणत बसू?"

जीनने थर्मासमधला चहा ओतून त्याच्या डाव्या हातात दिला. "मी तुझ्याशी लग्न केलं तेव्हा तुला मासा धरता येत नव्हता, काठीही नव्हती. मला काही कमी पडलं नाही. तुला मासेमारी करायचीय की खडकाला माशी मारायचीय, ते एकदा ठरव."

त्याने चहा संपवून काठी आवरली. सकाळी तो उठला तेव्हा जीन घरी नव्हती. दुपारी ती एल्गिनच्या बसने परत आली आणि तिने टेबलावर खोकं ठेवलं.

"बदलून आणली. केशरी. आंधळ्यालाही दिसेल. मोराग विचारत होती, पुतण्या कसा आहे. म्हटलं, हट्टी आहे."

उद्घाटनाच्या दिवशी काठावर बर्फ होतं. पाइपवाल्याची बोटं गारठल्यामुळे सूर अधूनमधून चुकत होते, पण पाइपच्या बाबतीत ते फारसं कुणाला कळत नाही. डॉडीने भाषण केलं, नदीला बाटलीतला एक घोट पाजला आणि उरलेली बाटली मंडळाच्या वतीने कोटाच्या खिशात घातली.

वॉटी गुडघाभर पाण्यात उतरला. रिळावरून त्याने दोरी सोडली आणि गर्दीतली कुजबुज थांबली. काळ्या पाण्यावर ती केशरी रेघ खरंच आंधळ्याला दिसली असती. त्याने कोपर अंगाशी ठेवलं, काठी सावकाश उचलली, वळवली, सोडली. फेक नीट गेली. दोरी उलगडत, सरळ होत पाण्यावर पडली, नदीच्या मधोमध. खडक तिथून तेवढाच पलीकडे राहिला.

टाळ्या वाजल्या. हातमोज्यांतल्या टाळ्या, मऊ.

प्रवाहाने दोरी हळूहळू अलीकडे आणली. मग ती हाताने ओढून घ्यायची वेळ आली. वॉटीने डाव्या मुठीत एकेक वेढा गोळा करायला सुरुवात केली. मान खाली होती; कान मात्र मागे होते. आता डॉडी ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. उत्तरंसुद्धा तयार होती, रात्रभर पडून त्याने ती घासून ठेवली होती.

"छान झालं, वॉटी," डॉडी म्हणाला. "अगदी छान. सांभाळून ये हं वर, दगड निसरडे आहेत."

त्या गावात 'छान' हा शब्द लहान मुलं, पाहुणे आणि पाळकांचं प्रवचन यांच्यासाठी राखून ठेवलेला होता. वॉटीच्या हातातला एक वेढा सुटला आणि पाण्यात गेला.

रिवाजाप्रमाणे एकच फेक. सगळे हॉलकडे निघाले. तिथे सूप होतं, आणि अध्यक्षांच्या खिशातली बाटली होती. बर्फ चरचर तुडवत आवाज दूर गेले. पाइपवाला पिशवी काखेत दाबून सगळ्यांच्या पुढे गेला.

"येतोस ना?" जीनने काठावरून विचारलं.

"काय छान झालं?" वॉटी पाण्याकडे बघत म्हणाला. "डोहाचा वरचा कोपरासुद्धा अजून धुंडून झालेला नाही."

"सूप संपेल."

"तू जा."

ती गेली नाही. एका दगडावरचं बर्फ तिने हाताने झाडलं, मफलर दुमडून त्यावर टाकला आणि बसली.

वॉटीने पुन्हा फेकलं. दोरी मध्यावर पडली, प्रवाहाबरोबर वळत वळत त्याच्याच काठाकडे आली आणि त्याच्या खाली, बुटांपासून थोड्या अंतरावर, थंडीत मासे असतात तिथेच, ताणून सरळ झाली. तो ती थांबेपर्यंत थांबला. मग एकेक वेढा करत त्याने ती मुठीत घेतली, काठी डाव्या हातात घेऊन उजवा खांदा जरा चोळला, आणि प्रवाहाबरोबर एक पाऊल खाली सरकला.