डबलबारीसाठी राखलेला हात

टक्. टक्. ठण्.

मी ऐकलेला पहिला आवाज हा. कुडाळकडच्या एका पडवीत म्हातारा मेस्त्री माझ्या वाद्यांखालचे, म्हणजे चामड्याच्या ताणपट्ट्यांखालचे, लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकत होता आणि दर ठोक्याला कान लावून बघत होता. दोनदा नुसतं लाकूड वाजलं. तिसऱ्यांदा मी वाजलो.

मी पखवाज. फणसाचं खोड, दोन्ही तोंडांना कातडं. आता नाहूरला एका खोलीत कपाटावर पडून असतो. बोलायची मला सवय नाही, वाजायची आहे. पण पौषापासून मला कोणी वाजवलेलं नाही आणि माझ्या पोटात राग साठलाय. वाजलो असतो तर थोडा बाहेर पडला असता. आता बोलूनच काढायचा.

मेस्त्रीकडून मला सहदेव राऊळने नेलं तेव्हा तो विशीतला होता, मुंबईच्या गिरणीत नुकताच चिकटलेला. मेस्त्री त्याला म्हणाला, "पावसात ह्याका कपड्यात गुंडाळून ठेव. आणि डाव्या तोंडाची कणीक वाजवून झाली की काढ. रवली तर कातडा कुजता." सहदेवने नुसती मान हलवली. तो तेव्हाही कमीच बोलायचा.

या कणकेचं सांगायला हवं. माझ्या डाव्या तोंडावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय खर्ज निघत नाही. सहदेवचं लग्न झालं तेव्हापासून ती कणीक जानकीने मळली. चपात्यांची परात घेऊन बसली की आधी एक गोळा बाजूला काढायची आणि म्हणायची, "ह्यो माझ्या दिराचो." म्हणून मीही तिला मनातल्या मनात वहिनीच म्हणत आलो.

गिरणी गेली. सहदेव इमारतींच्या फाटकांवर उभा राहिला, मुलीला शिकवलं, मुलुंडला दिली. माझी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, किती वेळा फाटली, किती वेळा नवी चढली. शुक्रवारचं भजन मात्र चुकलं नाही. आमच्या भजनी मंडळाचे बुवा, म्हणजे मुख्य गाणारे, माणिक. कुलाब्याला कचेरीत शिपाई, पण पेटीवर बोटं ठेवली की राजा. गळा असा की समोरचा भांडायला आलेला असला तरी बसून घ्यायचा. सहदेव वयाने मोठा, तरी त्यांना 'बुवांनू' म्हणायचा. ते त्याला 'दादा' म्हणायचे. बुवांचा शब्द मंडळात शेवटचा.

मग तो आजार आला आणि भजन बंद झालं. पुढच्या वर्षी लस आली, ती म्हाताऱ्यांना आधी. सहदेव आणि वहिनी दोघंही साठीच्या पुढची. वहिनीला साखर, वर दमा. मुलगी, मानसी, फोनवर फोन करायची, "बाबा, केंद्र जवळ आहे, मी येते न्यायला."

पण त्याआधीच बुवा येऊन बसले होते.

"दादा, तू पखवाजी माणूस. सुई देतत ती डाव्या हातात. चार दिवस हात उचलत नाय. गावाकडच्या एका बुवाचो तर सूरच गेलो म्हणतत."

म्हणतत. कोण म्हणतात? कुठला बुवा? त्याचं नाव काय? कोणी विचारलं नाही. चुकीच्या मात्रेवर माझी थाप पडली तर अख्खं मंडळ सहदेवकडे वळून बघतं. पण एवढं मोठं बेताल वाक्य बुवांच्या तोंडून निघालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मानसी पुढच्या रविवारी आली तेव्हा म्हणाली, "मग उजव्या हातात घ्या ना, बाबा!"

"उजवो काय मोकळो आसा?" सहदेव म्हणाला.

सगळे हसले. वहिनीसुद्धा. मला तेव्हा हे बोलणं आवडलं होतं. आता आठवलं की माझ्या वाद्या तटतटतात.

आधी दुसऱ्या लाटेचं निमित्त झालं, केंद्रावर गर्दी आहे म्हणून. मग गणपती आले, घरोघरची भजनं आली, हात दुखून कसं चालेल? मग दिवाळीनंतर बुवांनी डबलबारी ठरवली. माहीत नसेल त्याला सांगतो. दोन बुवा, दोन मंडळं समोरासमोर बसतात. एकाने गायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. मधे मधे असे टोमणे की लोक रडेस्तोवर हसतात. घाटकोपरच्या किरण बुवांशी बारी होती. दोन वर्षांनी पहिली. सहदेवच्या अंगात विशीतलं वारं शिरलं.

त्याच दिवसांत बातम्या आल्या की विषाणूचं नवं रूप निघालंय, फार वेगाने पसरतंय. आमची तालीम याच खोलीत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून दारं-खिडक्या लावून. आठ माणसं, सगळ्यांचे गळे उघडे, सगळ्यांचा श्वास एकमेकांच्या तोंडावर. मी मधोमध.

बारीच्या आधीच्या त्या रविवारी पालिकेने इमारतीच्या आवारातच लस द्यायची सोय केली. वहिनी साडी बदलून आली. पायात चपलाही घातल्या. तालीम चालली होती. ती दारात उभी राहिली.

"खाली सुई देतत. गर्दी नाय. येतास?"

सहदेवची थाप थांबली. त्याने बुवांकडे पाहिलं.

"वहिनी, पाच दिवसांवर बारी इली," बुवा म्हणाले. "पाच दिवसांन काय जग बुडता?"

"बारी झाली की जाऊया," सहदेव म्हणाला. "दोघाय एकदम."

तेवढ्यात पालिकेची वनमाला वर आली होती, दारोदार विचारत. ती म्हणाली, "आजी, ह्यांचं राहू दे. तुम्ही तरी चला. तुम्हाला तर आधी पाहिजे. पाच मिनिटांचं काम."

वहिनीने एक पायरी खाली पाय टाकला होता. मी कपाटावर नव्हतो त्या दिवशी, सहदेवच्या मांडीवर होतो, मला दिसत होतं. मग ती म्हणाली, "नको गो. ताप इलो तर ह्यांची चाय कोण करतलो? ह्यांच्यावांगडाच येतलंय."

आणि तिने चपला काढल्या. आत जाऊन चहा टाकला.

मला आवाज असतो तर मी तिथेच ओरडलो असतो. पण आम्हा वाद्यांचं असं आहे, दुसऱ्याने थाप मारल्याशिवाय आमचं तोंड उघडत नाही. तुमचं तसं नाही. तुम्हाला तोंड होतं. आठ माणसं होती त्या खोलीत. एकाने तरी म्हणायचं, "जावा वहिनी, चाय आमी करतो." एकानेही नाही.

बारी रंगली. सभागृहात खुर्च्या भरलेल्या, मास्क हनुवटीवर. किरण बुवांनी पहिलाच चिमटा काढला, "आमच्या मंडळात पखवाजीपासून झांजवाल्यापर्यंत सगळ्यांचे दोन्ही डोस झालेत. तुमचं काय, बुवा?"

माणिक बुवांनी पेटीचा भाता ओढला आणि म्हणाले, "टोचून टोचून भाता फाटलेली पेटी कधी सुरात लागता काय? आमी देवाचा नाव घेतो, तुमी डॉक्टराचा घेवा!"

सभागृह कोसळलं. शिट्ट्या पडल्या. आणि सहदेवने तो राखलेला डावा हात माझ्यावर असा टाकला की माझा खर्ज मागच्या भिंतीला लागून परत आला. लोक म्हणाले, माणिक बुवांनी बारी मारली.

तीन-चार दिवसांनी सहदेव खोकू लागला. थोडी कणकण, बस. बुवांना सर्दी झाली म्हणून कळलं. किरण बुवांच्या मंडळातही तापाने काही जण झोपले. सुई घेतल्याने कोणी अमर होत नाही, त्यांनाही आजार गाठतो. पण ते घरच्या घरी उठून बसले. एक म्हातारा झांजवाला दवाखान्यात न्यावा लागला, तोही पायांनी चालत परत आला.

मग वहिनीला ताप भरला.

मी आयुष्यभर लय ऐकत आलोय. तिच्या श्वासाची लय बिघडली ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. आधी द्रुत झाली. मग मधली एक मात्रा गळायला लागली. मानसी आली, बोटाला ते यंत्र लावलं, आकडा बघून तिचा चेहरा उतरला. शेजारच्यांनी वहिनीला खुर्चीत बसवून जिन्याने खाली नेलं. दारातून जाताना ती सहदेवला म्हणाली, "फ्रिजात गोळो ठेवलंय कणकेचो. काढून टाका. आंबतलो."

ती परत आली नाही.

मानसी घरी आली त्या दिवशी एवढी शांत मुलगी भांडी आपटत होती. "बाबा, डॉक्टरने पहिलं काय विचारलं माहितीये? डोस कधी घेतला. मी काय सांगायचं? बाबांचा हात दुखेल म्हणून आईने नाही घेतला, असं सांगू? बोला ना! तुम्ही बोलत का नाही कधी?"

सहदेव भिंतीला टेकून बसला होता. डावा हात उजव्या हातात धरून. जणू तो हात दुसऱ्या कोणाचा होता आणि त्याला सांभाळायला दिला होता.

आता ऐका. हा नवा प्रकार सौम्य आहे, सौम्य आहे, असं खालच्या कट्ट्यावर सगळे म्हणत होते. वहिनीला खुर्चीतून नेताना ते तिथेच बसले होते, त्यांनीच वाट करून दिली. सौम्य कोणाला? ज्याच्या अंगाने आधीच तालीम केलीय त्याला. तालमीशिवाय बारीला बसवाल का तुम्ही कोणाला? मंडळातल्या नव्या पोराला झांजसुद्धा आधी महिनाभर मांडीवर वाजवायला लावता. आणि दम्याच्या, साखरेच्या म्हाताऱ्या बाईला मात्र कसल्याही तयारीशिवाय त्या आजारासमोर बसवलंत. वर तिच्याच हातचा चहा प्यालात.

मी लाकूड आणि कातडं. कोण नक्की वाचलं असतं ते मला सांगता येत नाही. पण तिला मिळायला हवं होतं ते तिला मिळालं नाही, आणि ते खाली आवारात होतं, एका जिन्याच्या अंतरावर. हात दोन दिवस दुखतो. मग दुखायचा थांबतो. माझं डावं तोंड कोरडं पडलंय, ते दुखायचं थांबत नाही.

तुमच्या घरात अजून कोणी थांबलं असेल, कोणासाठी, कशासाठी, लग्नासाठी, यात्रेसाठी, 'दोघं एकदमच' म्हणून, तर त्याला आज उठवा. चहा तुम्ही करा.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

चैत्र लागलाय. सहदेवला स्वतःला आजार होऊन गेला म्हणून डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं होतं. ते झाले. मानसी केंद्रावर पुढे जाऊन थांबणार होती, तो मागून पायी जायचा होता. तो सदरा घालत असताना बुवा आले. वहिनीच्या तसबिरीला हात जोडले, मग मला कपाटावरून उतरवलं, मांडीवर घेतलं, धूळ पुसली.

"दादा, हनुमान जयंतीची बारी धरलंय. तुझ्याशिवाय नाय होणार. वहिनीक पण बरा वाटतला. आज तालीम करूया. कणीक मी घरसून आणलंय बघ."

खरंच आणली होती, डब्यात. मला ती वासानेच परकी वाटली.

"आज नाय," सहदेव म्हणाला. "सुई घेवक जातंय."

"आजच? अरे, बारी आठ दिवसांवर. मग घे. हात भरून येता रे. माझो दुसऱ्या वेळी दोन दिवस खांद्यावर जाय नाय."

बोलून गेले. मग थांबले.

"दुसऱ्या वेळी?" सहदेव म्हणाला.

बुवांची बोटं माझ्या वादीवरून सरकत राहिली.

"कधी घेतलात, बुवांनू?"

"गेल्या पावसात. दोन डोसांशिवाय गाडीचो पास मिळत नव्हतो. कामावर जावक होया ना, दादा. नोकरी गेली असती."

"बारीच्या आधी."

"हां."

"आणि माका सांगलात नाय?"

"काय सांगतलंय? सगळ्यांसमोर बोलून बसलंलंय. माघार कशी घेवची? मग माका वाटला, तुमी घरीच असतास दोघाय, तुमका काय होताला…"

बुवांचा गळा बसला होता. सूर गेला म्हणतात तो असा जातो. सुईने नाही.

सहदेव उभाच होता. मला वाटलं, आता तरी हा ओरडेल. इतकी वर्षं माझ्यावर थाप मारलीय त्याने, एक थाप बुवांच्या थोबाडात बसली असती तरी मी त्याला दोष दिला नसता.

त्याने डाव्या हाताची बाही दुमडली. एक घडी, मग दुसरी, पार खांद्यापर्यंत. दाराशी गेला. तिथे वहिनीच्या चपला अजून आहेत, त्या त्याने पायाने नीट जुळवल्या आणि शेजारच्या आपल्या घातल्या.

"दादा," बुवा म्हणाले. "दादा, काय तरी बोल."

मी बुवांच्या मांडीवर होतो, डाव्या तोंडाने कोरडा. त्यांचा तळवा माझ्यावर टेकलेला होता, पण त्यांना थाप मारता येईना.

सहदेव जिना उतरून गेला.