शेवाळम्हातारी मिठी मारत नाही

"सात वर्षांची होईपर्यंत तिला तो सिनेमा दाखवू नकोस," ओडेटने बजावलं होतं. "मी त्या पाण्याखाली काय करत होते ते माझं मला ठाऊक आहे."

सासूचं हे बोलणं मारिसेलाने हसण्यावारी नेलं. जिला नातीच्या बुटांच्या नाड्या बांधायला वाकलं तरी धाप लागते, तिने चाळीस वर्षांपूर्वी रबरी कातडं चढवून केलेल्या कामाला आजकालची पोर कशाला भितेय? एरवी मारिसेला द्राक्षंसुद्धा उभी चिरून देणारी आई. बागेतल्या झोक्याच्या साखळ्या आधी स्वतः ओढून बघणारी, कॉलेजात बालमानसशास्त्र शिकलेली आणि त्यामुळे जरा जास्तच घाबरणारी. पण त्या शनिवारी नवरा शूटिंगसाठी पार पूर्वेकडच्या जॉर्जिया राज्यात होता, नॉर्थ हॉलीवूडमध्ये ऊन मी म्हणत होतं आणि पाच वर्षांची जूनी "आजीचा सिनेमा लाव, आजीचा सिनेमा लाव" करून डोकं खात होती. तिने 'सातवा तलाव' लावला.

त्यातली मुलगी शेवटी तलाव पोहून जात असते. पाणी अगदी शांत. खालून एक हात येतो आणि तिचा घोटा धरतो. मग शेवाळम्हातारी, रबरी कातड्यातली ओडेट, वर येते. तिला मुलीचं नाव हवं असतं. नाव दिलं की मुलगी कायमची तळाशी. म्हातारी किंचाळत नाही, दात विचकत नाही. नुसती बघत राहते आणि घोटा सोडत नाही. "देत नाही," मुलगी म्हणते. परत म्हणते. पाय हिसडून सोडवते आणि काठ गाठते. मागे पाण्यावर बुडबुडे. म्हातारी मेली की नाही, कोणी सांगत नाही.

महिनाभर जूनीने बाथटबमध्ये पाय ठेवला नाही. बादलीभर पाण्यात, तेही दार उघडं ठेवून, तिची आंघोळ उरकावी लागे. असला सिनेमा दाखवला म्हणून पाळणाघरातल्या इतर आयांनी नाकं मुरडली. मारिसेला रोज स्वतःला कोसत होती. मग एका संध्याकाळी न्हाणीघरातून पाण्याचा आवाज आला. धावत जाऊन बघते तर जूनी टबात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि मोरीच्या भोकाकडे बोट रोखून दरडावत होती, "देत नाही. समजलं? देत नाही."

त्याच आठवड्यात पोहण्याच्या वर्गात बाईंनी निरोपाची मिठी मागितली. सगळी पोरं देत होती. जूनीने हात पाठीमागे घेतले आणि शांतपणे म्हणाली, "देत नाही." बाई हसल्या, टाळी दिली. मारिसेला मात्र गाडीत बसून बराच वेळ किल्ली फिरवायची विसरली. अनोळखी माणसाला नाही म्हणायला ती पोरीला दोन वर्षं शिकवत होती, चित्रांच्या पुस्तकांतून, गाण्यांतून. ते शिकवलं म्हातारीने.

'सातवा तलाव' पुन्हा बनतोय हे तिला मॉलच्या पार्किंगमध्ये कळलं. तिथे एक मुलगी लहान मुलांच्या आयांना गाठून प्रदर्शनाआधीच दाखवायच्या खेळाचे पास वाटत होती. या खेळात प्रेक्षकांना काय आवडतं ते बघून सिनेमा कापतात, जोडतात.

"घरात कोणी सिनेमाच्या धंद्यात आहे का?" मुलीने विचारलं.

"नाही," मारिसेला म्हणाली. हॉलीवूडशेजारच्या त्या खोऱ्यात दर दुसऱ्या घरात कोणीतरी दिवे उचलतं नाहीतर पडदे रंगवतं, आणि पास मिळावा म्हणून सगळे हेच उत्तर देतात.

तिला वाटलं ओडेट भडकेल. ओडेटने शांतपणे संत्रं सोललं.

"बनवू देत की. आमचा तरी कुठे पहिला होता? आमच्याआधी मूकपट होता. आमचा आला तेव्हा जुनी माणसं म्हणालीच, त्याची सर नाही. आणि रबर कुजतं गं. जूनी घाबरली ती माझी नात म्हणून. बाकीची पोरं पाच मिनिटांत उठून फ्रिज उघडतात."

"म्हणजे तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. पडद्यावर माझं नाव नाही, तोंड नाही. ती म्हातारी तेवढी माझी आहे." ओडेटने एक फोड जूनीच्या हातावर ठेवली. "शंभरदा बनवा म्हणावं. फक्त तिला गोड करू नका. जा, बघून ये."

नवा सिनेमा देखणा होता, हे मारिसेलाला कबूलच करावं लागलं. तलाव तर इतका खरा की थिएटरात गार वाटावं. हात वर आला, घोटा धरला. जूनीने आईचं मनगट आवळलं. आणि मग पडद्यावरच्या मुलीने आपलं नाव सांगून टाकलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलीने तिला मिठी मारली, शेवाळ गळून पडलं आणि आतून गुलाबी गालांची एक आजी निघाली. आजीने सूप केलं. थिएटरभर सुस्कारे.

"आई," जूनी कुजबुजली, "तिने नाव का सांगितलं?"

खेळ संपल्यावर काही आईबापांना पुढच्या दोन रांगांत थांबवून घेतलं. ग्रेडन नावाचा दाढीवाला तरुण समोर स्टुलावर बसला. मागे अंधारात स्टुडिओची माणसं होती, दिसत नव्हती पण खोकत होती.

"मिठी कोणाकोणाला आवडली? हात वर करा."

जंगल उगवल्यासारखे हात वर झाले.

"कोणाला नाही आवडली?"

दाराला धक्का लागला तरी दाराची माफी मागणारी मारिसेला. तिने हात वर केला आणि खाली घेतला नाही.

"बोला, मॅडम."

"मी माझ्या मुलीला शिकवते की जो पाय धरून ओढतो त्याला लाथ मारायची आणि पळायचं. तुमचा सिनेमा म्हणतो, त्याला नाव सांग, मिठी मार, आतून तो चांगलाच निघेल. प्रत्येक वेळी निघतो का?"

शेजारचा टोपीवाला बाप हसला. "अहो, पोरांचा सिनेमा आहे. रात्री झोपू द्या की त्यांना. आणि आम्हालाही."

"माझी महिनाभर झोपली नाही," मारिसेला म्हणाली. "त्यानंतर जी झोपते आहे, ती दार बंद करून. तुमचा?"

"माझा अजून आमच्यातच झोपतो," टोपीवाला म्हणाला, आणि त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

"पण आता काळ बदललाय," ग्रेडन गोड आवाजात म्हणाला. "मुलांना समजूतदारपणा—"

"बदलू दे. सिनेमा नवा करा, कोण नको म्हणतंय? पण जुन्या सिनेमातल्या त्या बाईने टाकीच्या तळाशी श्वास कोंडून, हवेची नळी बाजूला सारून, डोळे उघडे ठेवून जे केलं ते तुम्ही सूप करून प्यायला दिलंत."

ग्रेडनने मान वर केली. "नळीचं तुम्हाला कसं माहीत?"

आता खोटं बोलायचं नव्हतं. "ती माझी सासू आहे."

मागे अंधारात खुसफुस झाली. ग्रेडनने तिच्या हातातलं मतांचं कार्ड हळूच काढून घेतलं. "मग तुमचं मत धरता येणार नाही. माफ करा."

"नका धरू," मारिसेला म्हणाली, आणि पहिल्यांदाच उलट माफी मागितली नाही. "ऐकलं तर सगळ्यांनी."

जूनीचा हात धरून ती बाहेर आली. सरळ घरी जावं, असं एक मन म्हणत होतं. ती पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी उभी राहिली. आईबाप बाहेर पडू लागले तशी एकेकाला गाठून म्हणाली, "रविवारी चार वाजता आमच्या बिल्डिंगच्या स्विमिंग पूलवर या. पोरांना घेऊन. खरी म्हातारी असेल." काहींनी तिला वळसा घातला. टोपीवाल्याने पत्ता घेतला.

"तुला वेड लागलंय," ओडेट म्हणाली. "मला जिना चढवत नाही." मग थोडं थांबून, "किती जण येतायत?"

रविवारी चार कुटुंबं आली. रबर नव्हतं, शेवाळ नव्हतं. पोहण्याच्या काळ्या कपड्यांतली एक वाळकी बाई कठडा धरून पाण्यात उतरली, सुनेकडे बघून डोळा मिचकावला आणि खाली गेली. पोरं काठावर पाय सोडून बसली होती. पाणी स्थिरावलं. मारिसेलाचा जीव टांगणीला लागला. उडी मारावी लागली तर म्हणून एक चप्पल तिने आधीच काढून ठेवली होती. कोणीतरी म्हणालं, "गेली कुठे?" आणि टोपीवाल्याच्या मुलाचा घोटा पकडला गेला.

ओडेटचं डोकं वर आलं. केस तोंडावर चिकटलेले. ती काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली. कालपर्यंत नाड्यांशी झगडणारी ती हीच, यावर मारिसेलाचाही विश्वास बसेना. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. बाप पुढे सरसावला. मारिसेलाने त्याच्या दंडाला धरलं. "थांबा. त्याला बोलू द्या."

"दे... देत नाही," पोरगा म्हणाला. घोटा सुटेना. मग बेंबीच्या देठापासून, "देत नाही."

घोटा सुटला. बुडबुडे आले. पोरगा धापा टाकत बापाकडे वळला आणि म्हणाला, "परत."

सिनेमा पुढच्या उन्हाळ्यात लागला. मिठी होतीच. सूपही होतं. धंदाही बरा झाला. मारिसेलाने तो जूनीला घेऊन पुन्हा बघितला, तलावासाठी. पण रविवारी चारचा खेळ थांबला नाही. बिल्डिंगच्या मॅनेजरने 'पूल बंद' अशी पाटी लावली तेव्हा पोरांनी ती वाचली आणि एका सुरात उत्तर दिलं, काय ते तुम्हाला कळलंच असेल. मॅनेजरने हात टेकले. आता तो स्वतःच्या भाच्याला आणतो.

या वर्षी तिच्या नवऱ्याचं, वेस्लीचं, काम कायमचं जॉर्जियात गेलं आणि मारिसेलाला बिऱ्हाड हलवावं लागलं. ओडेट आली नाही. "तिकडे मला कोण घाबरणार?" म्हणाली. रविवारी संध्याकाळी ती फोन उचलत नाही, आणि मारिसेला तिकडे तीन हजार किलोमीटरवर एक चप्पल काढून बसलेली असते. नॉर्थ हॉलीवूडमध्ये तुमचं कोणी असेल, मुलगा, भाची, कोणीही, तर त्यांना रविवारी चारला तिकडे पाठवा. काठावर बसा म्हणावं, पाय पाण्यात सोडा. आणि ती वर आली का, तेवढं बघून मारिसेलाला कळवा.